एसपी साहेबांना अर्ज दिला, पुढे काय? पोलिसांविरुद्धच्या तक्रारीची चौकशी कशी होते

पोलिसांबद्दल तक्रार आहे म्हटलं की मराठवाड्यात पहिला सल्ला ठरलेला: "एसपी साहेबाला अर्ज दे." माणूस कुणाकडून तरी अर्ज लिहून घेतो, बीडला, परभणीला नाही तर हिंगोलीला जाऊन देतो आणि गावी येऊन वाट बघतो. काही दिवसांनी फोन येतो, "तुमचा अर्ज चौकशीला आलाय, जबाब द्यायला या." फोन असतो त्याच ठाण्यातून, ज्याच्याविरुद्ध अर्ज होता. बरेच लोक इथेच हाय खातात. काही जातच नाहीत. काही जातात आणि "आपसात मिटलं, माझी आता तक्रार नाही" असं लिहून देऊन परत येतात.

यात नेहमी कुणाचं कारस्थान असतं असं नाही. अधीक्षक कार्यालयात रोज ढीगभर अर्ज येतात. प्रत्येकाला आवक क्रमांक पडतो, "चौकशी करून अहवाल सादर करावा" असा शेरा पडतो आणि कागद उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याकडे, तिथून बहुतेक वेळा ठाण्याकडे उतरतो. जमिनीच्या वादाचा अर्ज आणि पोलिसांच्या मारहाणीचा अर्ज एकाच वाटेने खाली जातात, खरी अडचण ही आहे. म्हणून पोलिसांविरुद्धच्या तक्रारीत सगळ्यात आधी एक प्रश्न विचारायला शिकलं पाहिजे: चौकशी कोण करणार आणि तो अहवाल कुणाला देणार? वकील, पुरावे, कलमं हे सगळं त्यानंतर.

आपल्याविरुद्धच्या तक्रारीची चौकशी आपणच करू नये, हे न्यायाचं जुनं तत्त्व आहे. त्यामुळे अर्जाच्या शेवटी एक वाक्य जरूर लिहावं: "सदर चौकशी संबंधित पोलीस ठाण्याकडे न देता ठाण्याबाहेरील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे द्यावी." एवढ्याने काम होईलच असं नाही. पण कागद तरीही त्याच ठाण्यात गेला, तर पुढच्या पायरीवर दाखवायला तुमच्या हातात मुद्दा राहतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नये. ती मिळत नसेल तर रजिस्टर पोस्टाने पाठवावा. पोच नसलेला अर्ज दिल्याचं सिद्ध करता येत नाही.

सगळ्यात जास्त तक्रारी मारहाणीच्या किंवा लाचेच्या नसतात, "गुन्हा नोंदवून घेतला नाही" याच्या असतात. मोटार चोरीला गेली, बांधावरून डोकं फुटलं, मुलगी दोन दिवस घरी नाही, आणि ठाणे अंमलदार म्हणतो, "अर्ज द्या, बघतो." किंवा एनसी फाडून हातात देतो. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. त्यात न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. जिथे दखलपात्र गुन्हा आहे तिथे एनसी फाडली, तर तपासाचं दारच बंद होतं.

कायदा इथे स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं की, दिलेल्या माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवलाच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याला माहिती घ्यावी लागते. लोक यालाच झिरो एफआयआर म्हणतात. माहिती मोबाइलवरून किंवा ईमेलनेही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. तीन वर्षं किंवा त्याहून जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकाच्या परवानगीने आधी प्राथमिक चौकशी करता येते, पण ती चौदा दिवसांत संपवावी लागते. "चौकशी चालू आहे" असं सांगून चार-चार महिने काढायला या कायद्यात जागा नाही.

ठाण्याने नकार दिला तर त्याच कलमाखाली माहिती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकाला पाठवायची. छत्रपती संभाजीनगर शहरात आयुक्तालय आहे, तिथे ती आयुक्त कार्यालयाकडे जाते. तिथेही काही झालं नाही, तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा आणि कलम १७५(३) खाली तपासाचा आदेश मागायचा. हा क्रम सोडून थेट कोर्टात गेलेले अर्ज फेटाळले जातात, कारण आधी ठाणे आणि मग अधीक्षक या दोन पायऱ्या चढल्याचा पुरावा कोर्ट मागतं. तो पुरावा म्हणजे पोच किंवा पोस्टाची पावती.

अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाची अत्याचाराची तक्रार मुद्दाम नोंदवली नाही, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४ खाली तो त्या अधिकाऱ्याचाच गुन्हा ठरतो. सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. मात्र त्यासाठी आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. बलात्कारासारख्या काही गुन्ह्यांची माहिती नोंदवायला नकार देणाऱ्या लोकसेवकासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ मध्ये सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी आहे. ही कलमं अर्जात लिहिली की अर्ज वाचणाऱ्याची नजर बदलते, म्हणून ती माहीत असावीत.

आता खात्यांतर्गत चौकशी. पोलिसाने शिवीगाळ केली, कर्तव्यात कसूर केली, तपासात पक्षपात केला, तर आधी प्राथमिक चौकशी होते. तथ्य दिसलं तर विभागीय चौकशी लागते. तिच्यात दोषारोपपत्र देतात, साक्षीदार तपासतात, पोलिसाला बचावाची संधी मिळते. शिक्षा सक्त ताकीद किंवा दंडापासून सुरू होतात. पुढे वेतनवाढ रोखणं, पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती आणि शेवटी बडतर्फी.

बातम्यांमुळे इथे एक मोठा गैरसमज झाला आहे. "कर्मचारी निलंबित" वाचलं की लोकांना वाटतं, शिक्षा झाली. निलंबन ही शिक्षा नाही. चौकशी होईपर्यंत माणसाला कामापासून बाजूला ठेवतात, त्याला निर्वाह भत्ता मिळतो आणि चौकशीत काही निघालं नाही तर तो परत येतो. "नियंत्रण कक्षात बदली" ही तर निव्वळ बदली. गावात असंतोष असला की असा एखादा आदेश निघतो, लोक शांत होतात, आणि खरी चौकशी कुठवर आली हे कुणी विचारत नाही. ते विचारलं पाहिजे, तेही लेखी: विभागीय चौकशी लागली का, कधी लागली, अंतिम आदेश काय झाला?

दुसरी गोष्ट, विभागीय चौकशीत पुराव्याची पातळी फौजदारी खटल्यापेक्षा खालची असते. खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. विभागीय चौकशीत कोणती गोष्ट जास्त संभवनीय दिसते, तेवढ्यावर निष्कर्ष काढता येतो. म्हणून कोर्टात सुटलेल्या पोलिसावर खात्याची कारवाई होऊ शकते. "कोर्टात टिकणार नाही, राहू द्या" असं कुणी म्हणालं, तर ते कारण विभागीय चौकशीला लागू होत नाही, हे त्याला सांगावं. या चौकशीत तक्रारदार हा एक साक्षीदार असतो. तो हजर राहिला नाही तर प्रकरण जवळपास तिथेच संपतं.

आणि हजर राहणं हीच आपल्याकडची सगळ्यात मोठी अडचण आहे. बीड, जालना, परभणीकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आसपास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. समजा तक्रार भाद्रपदात दिली आणि जबाबाची नोटीस मार्गशीर्षात आली. घराला कुलूप. अहवालात एक ओळ पडते, "अर्जदार मिळून आला नाही", आणि अर्ज दप्तरी दाखल. दप्तरी दाखल म्हणजे फाइल बंद. कुणी खोटं लिहिलं नाही, कुणी लाच घेतली नाही, तरी अन्याय झाला. त्यामुळे जायच्या आधी अर्जातच लिहून ठेवावं की अमुक महिन्यापर्यंत मी कामावर बाहेरगावी आहे, हा मोबाइल क्रमांक, हा तिथला पत्ता, जबाब फोन करून ठरवावा. गावातल्या विश्वासातल्या एका माणसाचं नाव आणि क्रमांकही द्यावा. स्थलांतर करणाऱ्या तक्रारदाराचा जबाब आधी नोंदवावा, असा साधा नियम जिल्हा पातळीवर व्हायला हवा. त्याला पैसे लागत नाहीत, नवा कायदाही लागत नाही.

मारहाणीचं प्रकरण असेल तर सगळं पहिल्या काही तासांवर अवलंबून असतं. अटक केल्यापासून चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, माणसाला न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. अटकेची कारणं सांगावी लागतात, नातेवाइकाला कळवावं लागतं, वैद्यकीय तपासणी करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू प्रकरणात घालून दिलेले हे दंडक आज बहुतांशी कायद्यातच आहेत. तपासणी करणाऱ्या डॉक्टरने जखमा आणि त्या अंदाजे केव्हाच्या, हे लिहायचं असतं. अहवालाची प्रत अटक झालेल्या माणसाला किंवा तो सांगेल त्याला मिळायची असते. ती मागणारे फार थोडे.

मग कोर्टात न्यायाधीश विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? मारहाण केली का?" शेजारी तेच पोलीस उभे असतात. रात्री पुन्हा त्यांच्याच ताब्यात जायचं असतं. माणूस मान हलवतो, "नाही साहेब." रोजनाम्यात "तक्रार नाही" अशी नोंद होते आणि पुढची सगळी वर्षं ती नोंद त्याच्याविरुद्ध बोलत राहते. त्या एका मिनिटाला धीर करून "हो, मारलं, इथे इथे लागलंय" असं म्हणणं हे नंतरच्या दहा अर्जांपेक्षा मोलाचं आहे. घरच्यांनी आणि वकिलांनी माणसाला कोर्टात आणण्याआधीच हे सांगून ठेवायला हवं. न्यायाधीशांना एक विनंती करावीशी वाटते. हा प्रश्न विचारताना पोलिसांना दोन पावलं मागे, दाराबाहेर उभं करा.

दुसरा पुरावा कॅमेऱ्याचा. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रीकरण करणारे सीसीटीव्ही बसवायला सांगितले. प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकाची खोली, सगळीकडे. चित्रीकरण अठरा महिने ठेवायचं, तितकी साठवण मिळत नसेल तरी किमान एक वर्ष. ठाण्यात बळाचा वापर होऊन इजा झाली असेल, तर संबंधित माणसाला हे चित्रीकरण मागता येतं. तेव्हा घटनेनंतर लगेच, वेगळा एकपानी अर्ज द्यावा: "अमुक तारखेचं, अमुक ते अमुक वेळेचं चित्रीकरण जतन करून ठेवावं." नंतर "कॅमेरा बंद होता" असं उत्तर आलं, तर तो का बंद होता याचाही जाब मागता येतो.

कोठडीत मृत्यू झाला तर नियम आणखी कडक आहेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला चोवीस तासांत कळवावं लागतं, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली न्यायदंडाधिकाऱ्याची स्वतंत्र चौकशी होते. पोलिसांच्या तपासाशिवायची ही वेगळी चौकशी आहे. परभणीत हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर घडलं. १० डिसेंबर २०२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागलं, धरपकड झाली. अटक झालेला कायद्याचा एक विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना वारला. न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी झाली, तिच्या अहवालात पोलिसांवर ठपका आला. तरीही गुन्हा नोंद होईना. अखेर त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाचं दार ठोठावलं. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही तो आदेश कायम राहिला. चौकशीत ठपका येणं आणि गुन्हा नोंद होणं यांत किती अंतर असतं, ते या एका प्रकरणाने साऱ्या मराठवाड्याला दाखवलं. ते अंतर त्या आईला स्वतः चालावं लागलं. असं व्हायला नको होतं.

पोलिसांची चौकशी पोलिसांनीच करायची, हे टाळण्यासाठी एक वेगळी यंत्रणा आहे आणि ती आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांचे सात निर्देश दिले. त्यातला एक होता पोलीस तक्रार प्राधिकरणाचा. महाराष्ट्राने २०१४ साली महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून त्याची तरतूद केली. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण मुंबईत आहे, उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती त्याचे अध्यक्ष असतात. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा तसा प्रयत्न, नियम न पाळता केलेली अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणं आणि अधिकाराचा गंभीर गैरवापर हे विषय त्याच्याकडे नेता येतात. साध्या उद्धटपणाच्या तक्रारी इथे चालत नाहीत. प्राधिकरणाला साक्षीदारांना समन्स काढण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. अहवाल सरकारकडे जातो. सरकारने तो स्वीकारायचा, अपवाद म्हणून नाकारायचा असेल तर लेखी कारणं द्यायची. स्वीकारलेला अहवाल विभागीय कारवाईसाठी प्राथमिक चौकशी अहवाल म्हणून वापरता येतो.

सर्वोच्च न्यायालयाने राज्यासोबत जिल्हा पातळीवरही प्राधिकरण सांगितलं होतं. महाराष्ट्राच्या कायद्यात जिल्ह्याऐवजी महसुली विभाग, म्हणजे अनेक जिल्ह्यांचा मिळून एक विभाग आला. देगलूरच्या किंवा उमरग्याच्या माणसाला जिल्ह्याचं ठिकाण गाठायला सकाळची एसटी पुरते. विभागाचं ठिकाण म्हणजे मजुरी बुडवून दिवसभराचा प्रवास, मुंबईचं तर बोलायलाच नको. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत हे प्राधिकरण हवं, ही मागणी लोकप्रतिनिधींनी विधानसभेत लावून धरावी इतकी रास्त आहे.

पैशाची मागणी झाली असेल तर यातली कुठलीही वाट न धरता लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करावा, तोही पैसे देण्याआधी. सापळा त्यानंतरच लागतो.

मुदतीचं भान मात्र सगळीकडे ठेवावं लागतं. मानवी हक्क आयोग घटनेनंतर एक वर्षापेक्षा जुनी तक्रार घेत नाही, आणि तोच विषय दुसऱ्या आयोगासमोर असेल तरी घेत नाही. आयोग भरपाईची आणि कारवाईची शिफारस करतो, शिक्षा देत नाही. पोलिसावर कोर्टात खटला भरायचा असेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ आडवं येतं. अधिकाराच्या आवरणाखाली केलेल्या कृत्याबद्दल सहा महिन्यांत खटला भरावा लागतो, राज्य सरकारच्या पूर्वमंजुरीने ही मुदत दोन वर्षांपर्यंत जाते. शिवाय कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल सरकारची मंजुरी लागते. नागरिक सुरक्षा संहितेत तिला १२० दिवसांची मर्यादा घातली आहे, त्यात निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. कोठडीतली मारहाण हा कर्तव्याचा भाग होतो का, यावर कोर्टात बराच वाद होतो. म्हणून वकिलाला भेटायला सहावा महिना उजाडू देऊ नये.

चौकशीचा निकाल विरोधात गेला तर? आधी निकाल लेखी मागावा. "तुमचा अर्ज निकाली काढला" हे फोनवर सांगणं पुरेसं नाही. माहिती अधिकारात चौकशी अहवाल, जबाबांच्या प्रती आणि टिपणी मागता येतात. अहवालात त्रुटी असेल, साक्षीदार तपासलेच नसतील किंवा चौकशी त्याच ठाण्याने केली असेल, तर तेवढाच मुद्दा घेऊन परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांकडे फेरचौकशीचा अर्ज करावा. जालना, बीड, धाराशिव आणि संभाजीनगर ग्रामीण हे छत्रपती संभाजीनगर परिक्षेत्रात येतात. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे नांदेड परिक्षेत्रात. गुन्हा नोंद होऊन पोलिसांनी "बी समरी" म्हणजे तक्रार खोटी असल्याचा अहवाल कोर्टात दिला, तर कोर्ट तक्रारदाराला नोटीस काढतं. त्या तारखेला जाऊन हरकत घेता येते, आणि न्यायाधीश तो अहवाल फेटाळून पुढचा तपास सांगू शकतात. ही नोटीस साधी दिसते, म्हणून लोक ती कपाटात ठेवून देतात.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कोठडीतली व्यक्ती आणि कमी उत्पन्नाची माणसं यांना तिथे वकील मोफत मिळतो. फोन करायचा असेल तर १५१००. जाताना अर्जाची पोच, वैद्यकीय कागद आणि तारीखवार लिहिलेली घटना सोबत न्यावी.